विलासनौकेवरचा पुसणारा

...अहो, भिंत पुसली मी! भिंत! कुणाचा गळा नाही कापला, राहतं घर नाही विकलं... घरातली साधी भिंत, न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळातली, तीही कोमट पाण्यानं, मऊ फडक्यानं, आणि तुम्हाला सांगतो, अशी पुसली की तिच्यासमोर उभं राहून भांग पाडावा! आणि एवढ्यावरून जन्मदात्या आईनं माझ्याशी चार दिवस अबोला धरावा? चार दिवस! चहाचा कप आणून ठेवायची, पण असा ठेवायची की जणू चहा टेबलाला हवा होता आणि मी उगाच मधे येऊन बसलोय. मला मिळालीय सगळी आठवड्याची रजा, बाबा जाऊन जेमतेम पंधरा दिवस होतायत, बोलायला माणसं दोनच, एक ती आणि एक मी, आणि त्यातली ती बोलत नाही! बरं, पुसणं हा माझा धंदा आहे हो. डॉक्टरनं घरी आल्यावर आईची नाडी बघितली तर आई रागावते का? मग पुसणाऱ्यानं घरी येऊन पुसलं, तर यात माझं काय चुकलं, ते मला कुणीतरी सांगा!

नाही, थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्ही आईची बाजू घ्याल. सगळेच घेतात. मुळापासून सांगतो.

आमचे बाबा मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापून निघण्याआधी त्यातल्या चुका काढणारे. छत्तीस वर्षं परक्यांच्या चुका काढल्या, निवृत्त झाल्यावर परके मिळेनात, मग आम्ही होतोच. मी तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक येणार, वीस चष्मे डोळ्यांवर चढवून बघणार, एकही न घेता जाणार, आणि मी त्या वीस चष्म्यांच्या चाळीस काचांवरचे ठसे पुसत बसणार. एक दिवस जेवताना धीर करून म्हटलं, "बाबा, मी यॉटवर नोकरी धरतोय." आता कुठलाही बाप विचारेल, कुठे, का, किती दिवस... आमच्या बाबांनी नोकरीला हरकतच घेतली नाही. हरकत घेतली यॉटला!

"यॉट काय, यॉट? नौका म्हणायला जीभ अडखळते का?"

"बाबा, नौका म्हटलं की वल्ही आली. हिला पाच मजले असतात. वर पोहण्याचा तलाव असतो."

"पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूच्या आत पुन्हा पाण्याचा तलाव?"

"हो."

"मग विलासनौका म्हण." आणि शब्द सापडल्याच्या आनंदात आमटी वाढून घेतली. मग एकदम थांबले. "आणि त्या विलासनौकेवर तू कोण?"

"खलाशी."

"म्हणजे करणार काय?"

खोटं बोलायची सोय नव्हती हो त्यांच्यापुढे, ओळ पुन्हा तपासायचे. म्हटलं, "पुसणार."

यावर आई स्वयंपाकघरातून, "इथे सव्वीस वर्षांत स्वतःचं ताट उचललं नाही, आणि हा निघाला समुद्र पुसायला!"

असा माझा निरोप समारंभ. तर गेलो. आधी पाच दिवसांचं शिक्षण. नारिंगी रंगाचा एक रबरी पोशाख चढवायचा, त्यात माणूस शिजवलेल्या गाजरासारखा दिसतो, आणि उंचावरून पाण्यात उडी मारायची. उलटलेला तराफा सरळ करायचा. धुरात रांगत जाऊन आग विझवायची. सगळं शिकलो, प्रमाणपत्र मिळालं. आणि तुम्हाला सांगतो, तेरा महिन्यांत एकदाही आग लागली नाही, एकदाही बोट बुडाली नाही. पुसायला मात्र कुणीच शिकवलं नव्हतं, आणि तेरा महिने केलं काय, तर तेच!

मग धक्क्यावर हिंडणं. या धंद्यात घरी बसून नोकरी मिळत नाही, पहाटे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात स्वतःच्या माहितीचे कागद घेऊन, धक्क्याला लागलेल्या एकेका बोटीपुढे उभं राहायचं आणि ओरडायचं, "एका दिवसाचं काम आहे का?" बोटीवर पाऊल टाकायचं नाही हं! फळीच्या अलीकडे उभं राहून, भाजीवाल्यासारखं, फक्त भाजी म्हणजे आपण. एकोणीस दिवस ओरडलो. कुणी म्हणे, उद्या ये. कुणी म्हणे, अनुभव आहे का? अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, आणि दोन्ही नाही म्हणून मी आपला धक्क्यावर. विसाव्या दिवशी एका बोटीच्या कठड्याला कंटाळून हात टेकवला, चकचकीत पोलादी कठडा, त्यावर माझी पाचही बोटं उमटली. आणि काय सांगू, चष्म्याच्या दुकानाची सवय! खिशातून रुमाल काढला, फुंकर मारली, ठसा पुसला, तिरकं होऊन बघितलं, राहिलेला कोपरा पुन्हा पुसला. मान वर करतो तर समोर एक माणूस उभा. पंचावन्नचा, मान उन्हानं भाजून विटेच्या रंगाची. तो तिथला खलाशांचा मुकादम.

"हा ठसा तुझाच होता?"

"हो. चुकलं."

"आणि पुसलासही तूच?"

"हो."

"बूट काढ आणि वर ये."

झाली नोकरी! बाबांना फोन केला, म्हटलं, मिळाली. म्हणाले, "कशावर मिळाली? गुणांवर का ओळखीवर?" म्हटलं, "ठशावर." म्हणाले, "वाक्य पूर्ण कर."

पहिल्याच सकाळी मुकादमानं नियम सांगितला. एकच नियम. तो बोटीच्या टोकाला उभा राहिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवून म्हणाला, "हे सगळं रोज असं दिसलं पाहिजे, की आत्ताच देवानं पाठवलंय. इथं कुणी होतं, असं वाटता कामा नये!"

म्हटलं, यात काय अवघड? अहो! रात्रीत दव पडलं, पुसा. दव सुकलं, मीठ उरलं, पुसा. मीठ पुसताना पाण्याचे ओघळ आले, चामड्याच्या फडक्यानं टिपा. टिपताना आपला गुडघा टेकला, गुडघ्याचा डाग, तो पुसा. बिजागरीच्या खाचेत बोट जात नाही, तर काडीला कापूस गुंडाळून खाच पुसा. गालिचा साफ करताना उलटं, मागे मागे सरकत दाराबाहेर पडायचं, कारण सरळ निघालात तर आपलीच पावलं उठतात. आणि भिंत स्वच्छ झाली की नाही, हे समोरून बघायचं नाही, समोरून सगळ्याच भिंती साळसूद दिसतात. विजेरी भिंतीला चिकटवून आडवी धरायची. मग उजेड भिंतीवरून घसरत जातो आणि एकूण एक ओरखडा, एकूण एक बोट उठून दिसतं. मुकादम मागे उभाच, "इथं कुणी होतं, असं वाटतंय मला!" की पुन्हा पहिल्यापासून.

राहायला खाली, पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक खोली. खोली कसली, कपाटाचे दोन खण! वरच्या खणात स्वयंपाक्याचा मदतनीस, खालच्यात मी. कूस बदलायची तर आधी वर कळवायचं. आणि वर पाहुणे. पाहुणे आले की आपण नाहीसं व्हायचं. ते या दारानं आले की आपण त्या दारानं. समोरासमोर आलोच तर भिंतीला पाठ लावून स्तब्ध. एकदा एक पाहुणा मला धडकला आणि मागे वळून "माफ करा" म्हणाला, तर कुणाला? माझ्या शेजारच्या खांबाला! आणि एक बाई आठवडाभर राहून जाताना वहीत लिहून गेल्या की, जणू बोटीवर आम्हीच होतो. आम्ही चौदा जण होतो हो खाली! कप्तानानं आम्हाला ओळीनं उभं करून ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही नव्हतो, याबद्दल आम्हीच टाळ्या वाजवल्या!

मी हे बाबांना सांगितलं. वाटलं, हसतील. तर म्हणाले, "माझंही तेच रे. एक चूक राहिली तर सगळे विचारतात, कुणी तपासलं. एकही राहिली नाही, तर कोण विचारतंय?"

हे बोलणं झालं आणि आठ दिवसांत ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, चार स्टेशनं पलीकडे राहते. "बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात, हळूहळू फरक पडेल."

पाचवा महिना होता माझा. मोसम सुरू झालेला. आणि या धंद्यात पहिला मोसम अर्धवट टाकून गेलेल्या माणसाला कप्तान शिफारसपत्र देत नाही, आणि पत्र नाही तर पुन्हा धक्का, पुन्हा भाजीवाला. मी आईला विचारलं, "येऊ का?" खरं सांगू? "येतो" नाही म्हटलं. "येऊ का" म्हटलं. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, हे मुद्रितशोधकाच्या मुलाला कुणी समजावून सांगायला नको. आई काय म्हणणार? म्हणाली, "कशाला? सुधारतायत. चालतात की आता."

चालतात! दर आठवड्याला विचारायचो, चालतात का? हो रे, चालतात. रोज? रोज. मी आपला मनात बाबांना बागेपर्यंत चालवून आणायचो. फोनवर चित्रात दिसायचे ते खुर्चीत, दाढी केलेली, सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, मागे उशी आहे हेसुद्धा दिसू नये अशी बेतानं ठेवलेली. आईनं आमच्या मुकादमाकडे कधी काम केलं होतं, कोण जाणे! जीभ थोडी जड झालेली, पण, "विलासनौका कुठवर आली?" हे रोखठोक. म्हणायचो, मोसम संपला की येतो. म्हणायचे, "संपव. अर्धवट ठेवू नकोस." मोसम संपला, दुसरा लागून आला. म्हटलं, एवढा एक झाला की येतो. आई म्हणाली, बरं. ताई काहीच म्हणाली नाही. ताई काही म्हणत नाही तेव्हा समजायला हवं होतं... पण सांगा ना, समोर चालतात असं लिहिलेलं आहे, तर मी पडतात असं कशाला वाचू? यात माझं काय चुकलं?

आठ महिने गेले. आणि एका दुपारी, भर दुपारी, वर पाहुणे जेवायला बसलेले, मी खाली पाणी प्यायला आलो आणि फोन बघितला.

बोट एका बेटापाशी उभी होती. कप्तान माणूस चांगला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, पुढच्या बंदरात उतर. पुढचं बंदर चार दिवसांवर! पाहुण्यांचा फेरफटका ठरलेला, तो कुणाच्या बापासाठी बदलतो? माझ्या तर नाहीच. मुकादमानं काय केलं, स्वतःचा काळा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला. डोळे लाल दिसता कामा नयेत ना! तो चष्मा लावून मी चार दिवस कठडा पुसला. आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली, तुम्हाला सांगतो, ती कुठल्या शिक्षणात सांगत नाहीत. डोळ्यांतलं पाणी पोलादावर पडलं की डाग पडतो. खारंच की ते. सुकलं की पांढरा, गोल ठिपका. मग पुसायचा. तो पुसताना दुसरा पडतो... चार दिवस माझा कठडा काही स्वच्छ होईना! मुकादम दुरून बघायचा. एकदाही म्हणाला नाही, की इथं कुणी होतं असं वाटतंय.

बंदरात उतरून विमानाचं तिकीट मिळेपर्यंत आणखी दिवस गेले, घरी पोचलो तेव्हा बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. म्हणजे काहीच नव्हतं. खुर्ची होती, उशी होती. आईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "वाळलास." मी म्हटलं, "तूसुद्धा." झालं बोलणं. रडायला बसावं तर दोघांचंही रडायचं राहिलंय कुठे, तिचं होऊन गेलेलं, माझं कठड्यावर सांडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेन्शनच्या कागदांसाठी ताईबरोबर कचेरीत गेली. घरात मी एकटा. आता माझ्यासारख्या माणसाला घरात एकटं सोडावं का? तुम्हीच सांगा! हात शिवशिवायला लागले. बसवेना, झोपवेना, बाबांच्या खुर्चीकडे बघवेना. न्हाणीघराकडे निघालो तर बोळात... पॅसेज म्हणायची बाबांपुढे प्राज्ञा नव्हती, बोळच म्हणायचं... बोळात एका बाजूला कपाटं आणि दुसऱ्या बाजूला भिंत, आणि त्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टा. कंबरेच्या जरा वर. तपकिरी, तेलकट, वीतभर रुंद. मधे विजेच्या मीटरपाशी तर चक्क पंजा, थरावर थर चढून काळा पडलेला! मी हबकलोच. आमच्या घरात? जिथे ओळीत टिंब जास्त पडलं तर चालत नव्हतं, तिथे हे? मनात म्हटलं, आईला बिचारीला आठ महिने उसंत मिळाली नसणार. चला, मुलानं एवढं तरी करावं. बापासाठी काही करता आलं नाही, आईसाठी भिंत तरी!

आणि केली! साडेतीन तास! आधी कोरड्या फडक्यानं, मग कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, वरून खाली नाही, खालून वर, म्हणजे ओघळ धरत नाही. मीटरपाशी काडीला कापूस लावून. विजेरी आडवी धरून बघितली, पंजाची करंगळी अजून दिसत होती, ती वेगळी पुसली. शेवटी फरशी पुसत, मागे मागे सरकत, उलटा बोळाबाहेर आलो. आणि वळून बघितलं. मुकादम असता तर त्यानं टोपी काढली असती. इथं कुणी होतं, असं वाटतच नव्हतं!

आई आली. चपला काढल्या. पाय धुवायला बोळात वळली आणि थांबली. मी मागे उभा, शाबासकीची वाट बघत, काय मूर्ख माणूस! तिनं भिंतीवर हात ठेवला. नुसता ठेवला. मग म्हणाली, "छान केलंस." आणि चार दिवस बंद.

मला वाटलं, साबणाचा वास आवडला नसेल.

कारण कळलं ते तिसऱ्या दिवशी, ताई आली तेव्हा. ती बोळात गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबांचा हात कुठाय?"

म्हटलं, "काय?"

"बाबांचा हात! भिंतीवरचा! कुणी पुसला?"

आणि मग भिंतीला टेकून, खालच्या आवाजात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, ताईनं सांगितलं. बाबा चालायचे ते एवढंच. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत. सव्वीस पावलं. उजवा हात गेलेला, तर दिवसभर डाव्या हातानं उजव्याला मालिशचं तेल चोळत बसायचे, आणि उठले की तोच तेलाचा डावा हात भिंतीला लावून, सरकवत सरकवत जायचे. रोज. आठ महिने. ते गेल्यावर शेजारच्यांनी रंगारी पाठवला होता, मदत म्हणून, तर आई त्याला म्हणाली, "एवढा पट्टा सोडून रंगव." तो म्हणाला, "आजी, असं कुणी रंगवतं का?" तर त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"तुला दिसलं नाही का, तो हात आहे?" ताई म्हणाली.

दिसलं ना! करंगळीसुद्धा दिसली. वेगळी पुसली मी.

आता तुम्हाला सांगतो, माझा धंदा पुसण्याचा. काढलेलं परत कसं आणायचं, हे या धंद्यात कुणालाच येत नाही. मी माफी मागितली, आईनं मान डोलावली. पाया पडलो, तिनं पाय मागे घेतले, रागानं नाही, कुणी पुसत असलं की घेतो तसे. पाचवा दिवस उजाडला. रजेचे दोन दिवस उरले. म्हटलं, हा अबोला पाठीवर घेऊन बोटीवर चढलो तर त्या कपाटाच्या खणात मी मावायचा नाही.

तर काल दुपारी, आई आडवी झाली होती तेव्हा, मी ती तेलाची बाटली काढली. अर्धी होती अजून. डाव्या तळहातावर चांगलं ओतलं, खोलीच्या दारापासून भिंतीला हात लावला आणि निघालो. हात सरकवत. पुसणाऱ्या माणसाला डाग पाडायचा म्हणजे काय यातना असतात, तुम्हाला कल्पना नाही! प्रत्येक इंचाला उजवा हात आपोआप रुमालाकडे जात होता. चार पावलं झाली, आणि मागून आवाज.

"इतक्या वर नव्हता त्यांचा हात."

चार दिवसांनी ऐकलेलं पहिलं वाक्य. आई दारात उभी.

म्हटलं, "बाबा माझ्याएवढेच होते ना?"

"होते. नंतर वाकले." ती आली, माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. वीतभर. "एवढे."

मला गुडघ्यांत वाकावं लागलं हो! बाबांची उंची मला तेव्हा कळली, ते गेल्यावर, त्यांच्याच भिंतीवर. खुर्चीत बसवून दाखवलेल्या माणसाची उंची कशी कळणार?

"चल," ती म्हणाली. "हळू. एवढ्या भराभर कुठे जायचे ते? आधी म्हणायचे, 'बंदर सुटलं.'"

"काय?"

"तू बोटीवर ना! मग त्यांचीही बोट. मला कप्तान म्हणायचे. 'कप्तान, बंदर सुटलं.' मग सहा पावलं. इथे वाट बघायचे, पाय येईपर्यंत."

मी वाट बघितली. मग पुढे. मीटर आला. म्हटलं, "आई, इथे जाड होता. पंजाच होता पुरा."

तिनं माझ्याकडे बघितलं. "इथे नांगर टाकायचे. दम लागायचा. मी म्हणायची, बसा खुर्चीवर, तर म्हणायचे, 'पोरगं काम टाकून आलं नाही, मी कसा बसू?'"

नांगर टाकला. हात दाबून धरला, चांगला, करंगळीसकट. तेल ओघळून मनगटावर आलं. आई म्हणाली, "मग इथून पुढे कमी होता." मी म्हटलं, "हो, इथे पुसट होता, आणि दारापाशी पुन्हा गडद." ती म्हणाली, "दारापाशी घाई व्हायची." म्हणजे बघा, त्या आठ महिन्यांचं तिला सगळं माहीत, आणि मला काय माहीत, तर डाग कुठे जाड आणि कुठे पातळ! पण ते मात्र मला तिच्याहून चांगलं माहीत, कारण इंच इंच घासला होता मी तो.

दारापाशी पोचलो. म्हटलं, "आणि येताना?"

"येताना भिंत नाही, पलीकडे कपाटं. येताना माझा खांदा धरायचे." आणि पदर नीट करत म्हणाली, "तेवढा तुझ्या हातून पुसायचा राहिला."

बोलली हो! टोमणा मारला! मी तिथेच, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि जे तेरा महिने कुणाला दिसता कामा नये होतं ते सगळं... आणि ती वरून म्हणतेय, "तो तेलाचा हात डोळ्याला लावू नकोस, चुरचुरेल."

उद्या निघायचंय. मुकादमाचा निरोप आलाय, नवे पाहुणे येतायत, चष्मा परत आण म्हणतो. तर असा सगळा प्रकार. तेरा महिने जगातल्या श्रीमंतांच्या बोटीवरून स्वतःचं एकूण एक बोट पुसून काढलेला माणूस मी, आणि अखेर या पृथ्वीवर माझ्या हाताचा एकच ठसा शिल्लक आहे, न्हाणीघराच्या वाटेवर, दुसऱ्याच्या नावाचा. आणि तोही, आईनं कालपासून मला सात वेळा सांगितलंय, दोन बोटं वर आहे.